पहिल्या मिनिटाला मी हसले

पत्र थोडं आखडून छापते आहे.

"ताई, आम्ही कळव्याला खारेगावात राहतो. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत आहे. लहानपणापासून अडखळत बोलतो. तीन आठवड्यांपूर्वी रात्री जेवताना आम्ही एका मराठी वाहिनीवरचा विनोदी कार्यक्रम बघत होतो. त्यात बँकेवर दरोडा पडतो आणि तिथला तोतरा शिपाई पोलिसांना फोन लावतो. 'पोलीस' हा शब्द त्याच्या तोंडून सुटेपर्यंत दरोडेखोर चहा पितात, पैसे मोजतात आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून जातात. पहिल्या मिनिटाला मी हसले. मग लक्षात आलं, मुलगा टीव्हीकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतली मुलं त्याला 'पोपो' म्हणायला लागली. ते शाळेतही पोचलं. पूर्वी मामलेदारला मिसळ खायला गेलो की 'मध्यम' असं तो स्वतः सांगायचा, आता नुसतं बोट दाखवतो. यांनी चिडून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं आणि एकच गहजब झाला. आमचे अध्यक्ष आणि इथले एक कार्यकर्ते यांनी येत्या रविवारी वाहिनीच्या कचेरीवर मोर्चा ठरवला आहे. त्या नटाचा पुतळा जाळणार आहेत. कार्यकर्ते म्हणाले, 'वहिनी, पोराला पुढे ठेवा, कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलू दे. अडखळला तर उलट बरंच.' यांचं म्हणणं, जायचंच. सासूबाई म्हणतात, विनोद आहे, सोडून द्या, आम्ही काय कमी नकला बघितल्या. मी काय करू?"

— एक आई, कळवा

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी हातात पडलं आणि मोर्चा रविवारी आहे, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहिते आहे.

रविवारी मुलाला नेऊ नका. तुम्हीही जाऊ नका, आणि जमलं तर यांनाही थांबवा. पण मुलाच्या बाबतीत 'जमलं तर' नाही. तिथे ठाम राहा.

"अडखळला तर उलट बरंच." हे वाक्य मी तीनदा वाचलं. वाहिनीने त्या शिपायाला अडखळायला लावलं, कारण लोक हसणार होते. आता तुमच्या मुलाने अडखळायचं, कारण लोक चिडणार आहेत. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक त्याच्या अडखळण्याला आहे. त्याला स्वतःला काय म्हणायचं आहे, हे तीन आठवड्यांत एकाने तरी विचारलं का? तुमच्या पत्रात मला ते कुठे दिसलं नाही. आणि तो कॅमेऱ्यासमोर अडखळला की त्याची क्लिप होणार. आत्ता मुलं त्याला चिडवतात ते टीव्हीवरच्या शिपायाच्या नावाने. सोमवारपासून त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याने चिडवतील, आणि ती क्लिप तो पंचवीस वर्षांचा होईल तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

कार्यकर्त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण मोर्चाला चेहरा लागतो, आणि तो चेहरा बारा वर्षांच्या मुलाचा असू नये.

आता तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीकडे येते. 'पहिल्या मिनिटाला मी हसले.' बाकीचं पत्र मोर्चाबद्दल आहे, पण माझ्या मते तुम्ही पत्र लिहिलंत ते या ओळीसाठी. वाहिनीने काय केलं ते तो विसरेल. आई हसली हे त्याच्या मनात राहिलं असणार, आणि ते दुरुस्त करणं कुठल्याही मोर्चाच्या हातात नाही, ते फक्त तुमच्या हातात आहे. आज रात्री जमलं तर आजच, त्याच्याशी बोला. फार फापटपसारा नको. "त्या दिवशी मी हसले. ते चुकलं. तुला काय वाटत असेल हे माझ्या उशिरा लक्षात आलं." एवढंच बोला आणि गप्प बसा. त्याला बोलायला वेळ लागेल. लागू दे. शब्द तुम्ही पुरा करू नका. 'हळू बोल, श्वास घे' हेही नको. आपण मायेने म्हणतो, पण त्याच्या कानाला ते 'तुझं बोलणं चुकतंय' असंच ऐकू येतं. त्याच्याकडे बघत, घाई न करता थांबायचं. स्वतः जरा सावकाश बोलायचं. तो काहीच बोलला नाही तरी चालेल.

हे मी शिकले ते उशिरा. ठाण्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. एक मुलगी वाचताना अडायची. धडा मोठ्याने वाचायची वेळ आली की मी तिचा नंबर गुपचूप वगळायची. मला वाटायचं, मी तिला वाचवते आहे. खूप वर्षांनी ती मला तलावपाळीवर भेटली, नोकरीला लागलेली, सोबत नवरा आणि मुलगी. म्हणाली, "बाई, तुम्ही मला कधीच वाचायला दिलं नाहीत." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून मी या मुलांबद्दल जमेल तेवढं वाचते, विचारते.

तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. गणपतीत आरती म्हणताना तो एकदाही अडत नसेल. सगळ्यांबरोबर सुरात म्हणताना, गाताना तोतरेपणा बहुधा नाहीसाच होतो. म्हणून काही लोक म्हणतात, 'आरती म्हणतो ना नीट, मग बोलताना काय होतं?' तो मुद्दाम करत नाही. एकट्याने शब्द जुळवून बोलणं आणि घोळक्यात म्हणणं, या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण शंभरात एक माणूस असं बोलतो, आणि मुलग्यांत हे प्रमाण मुलींपेक्षा जास्त आहे. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. वाचातज्ज्ञांना दाखवलं नसेल तर दाखवा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवण दोषांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था, १९८३पासूनची. कळव्याहून लोकलने दादर आणि तिथून वांद्रे, सकाळ जाईल, पण जाण्यासारखं आहे.

आता वाहिनीचं. सोडून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. तक्रार करा, आणि ती तुमच्या नावाने करा.

पुतळा त्या नटाचा जाळायचा म्हणे. अहो, पण तो नट शेवटचा माणूस. आधी ते प्रहसन कुणीतरी लिहिलं, कुणी दिग्दर्शित केलं, चित्रीकरण झालं, कुणी संकलन करताना हशा कुठे वाढवायचा ते ठरवलं. वाहिनीत मजकूर तपासणारी माणसं असतात, त्यांनी ते पाहिलं आणि जाऊ दिलं. थेट प्रक्षेपणात जीभ घसरली असा हा प्रकार नव्हता.

इथे मला २००८ सालची बीबीसीची गोष्ट आठवते. रेडिओ टूवर रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस या विनोदी निवेदकांनी अँड्र्यू सॅक्स या ७८ वर्षांच्या नटाच्या फोनवर त्यांच्या नातीबद्दल अत्यंत गलिच्छ निरोप ठेवले. कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित केलेला होता आणि तरीही तो १८ ऑक्टोबरला प्रसारित झाला. सुरुवातीला तक्रारी आल्या फक्त २. आठवड्याने एका रविवारच्या वर्तमानपत्राने बातमी छापली आणि तक्रारींचा आकडा ४० हजारांच्या वर गेला. त्यांतल्या बहुतेकांनी तो कार्यक्रम ऐकलेलाही नव्हता. ब्रँडने राजीनामा दिला, रॉस १२ आठवडे बिनपगारी निलंबित झाला, रेडिओ टूच्या प्रमुख बाईंनाही जावं लागलं. म्हणजे आरडाओरड्याने काहीच होत नाही असं मी म्हणू शकत नाही, होतं. पण त्या गदारोळात चर्चा कशाची झाली? बीबीसीला मिळणाऱ्या पैशांची, रॉसच्या भल्यामोठ्या पगाराची, हल्लीच्या विनोदाच्या पातळीची. म्हाताऱ्या सॅक्सना आणि त्यांच्या नातीला काय वाटलं, हे मागे पडलं. पुढच्या वर्षी तिथल्या नियामक संस्थेने, ऑफकॉमने, बीबीसीला दीड लाख पौंड दंड केला. तेव्हा त्यांनी नेमकं बोट ठेवलं ते यावर, की सॅक्स यांची नीट संमती न घेता, खासगीपणा मोडून, मुद्रित केलेला कार्यक्रम वरच्यांनी पुढे जाऊ दिला. तुमच्या तक्रारीचा निशाणाही तिथेच हवा. हे कुणी मंजूर केलं, हा प्रश्न विचारा.

आपल्याकडे याची वाट ठरलेली आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५चा, त्याखालच्या नियमांतला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. अभिरुची आणि सभ्यतेला धक्का देणारं, कुठल्याही व्यक्तीची किंवा समाजगटाची बदनामी करणारं, मुलांना हीन लेखणारं काही दाखवू नये असं त्यात आहे. २०२१च्या दुरुस्तीने तक्रारीच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली पायरी वाहिनी स्वतः. लेखी तक्रार गेली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल २०११पासून काम करते, निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात. कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या तळाशी तक्रारीचा पत्ता देणारी पट्टी सरकते ना, ती हीच. ही संस्था वाहिनीला ताकीद देऊ शकते, माफी मागायला सांगू शकते. तिसरी पायरी केंद्र सरकारची. तिथपर्यंत जायची वेळ येईल असं मला वाटत नाही. मात्र तीन आठवडे उलटून गेले आहेत, आता एक दिवसही दवडू नका.

तक्रार एका पानाची असू दे. वाहिनी, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, प्रहसनात काय झालं ते चार ओळींत. मग घरी, सोसायटीत, शाळेत काय झालं ते. मिसळीची ओळ जरूर लिहा. 'आमच्या भावना दुखावल्या' असं वाक्य अशा तक्रारींत नेहमीचंच असतं, ते वाचणाऱ्याला दिसेनासं झालेलं आहे. पण पूर्वी 'मध्यम' म्हणणारा मुलगा आता बोट दाखवतो, हे वाचून माणूस थबकेल. मुलाचं नाव लिहू नका, शाळेचंही नको. शेवटी दोन मागण्या: ते प्रहसन पुनःप्रक्षेपणातून काढावं, आणि वाहिनीने आपल्या खात्यांवर टाकलेली त्याची क्लिप उतरवावी. माफी मागितली तर चांगलंच, पण मला विचाराल तर क्लिप उतरवणं जास्त मोलाचं आहे. माफीच्या बातमीबरोबर पुन्हा तेच दृश्य दाखवलं जातं.

यावरून आठवलं. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निषेध म्हणून ती क्लिप किती जणांनी पुढे ढकलली असेल? प्रत्येक निषेधाबरोबर ती आणखी पाच-पंचवीस मुलांपर्यंत गेली. यांना सांगा, आज ग्रुपवर एकच ओळ लिहा: कृपया क्लिप पुढे पाठवू नका, आपापल्या फोनमधून काढून टाका.

कायद्याच्या वाटेने काही होत नाही असं कार्यकर्ते म्हणतील. त्यांना २०२५ सालचं सांगा. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आजाराच्या रुग्णांसाठी झटणारी एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, कारण तान्ह्या बाळाला लागणाऱ्या १६ कोटींच्या इंजेक्शनवर मंचावरून विनोद झाला होता. ऑगस्टमध्ये न्यायालयाने संबंधित विनोदवीरांना आपापल्या यूट्यूब वाहिनीवरून जाहीर माफी मागायला सांगितलं. त्यासाठी कुणाची काच फोडावी लागली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये, एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनगीतावरून, ते जिथे सादर झालं तो खारचा स्टुडिओ फोडला गेला, ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. खुर्च्या-दिवे ज्यांचे फुटले त्यांनी ते गीत लिहिलंही नव्हतं आणि म्हटलंही नव्हतं. गीत मात्र त्या रात्रीनंतर घरोघरी पोचलं. रविवारी तुमच्या मोर्चात एकाने दगड उचलला तर काय? भारतीय न्याय संहितेच्या १९०व्या कलमाप्रमाणे, बेकायदा जमावाने समान उद्देशाने केलेल्या गुन्ह्याला जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो. तुमचे यजमान त्या जमावात असतील, आणि घरी मुलाला वाटेल की हे माझ्यामुळे झालं.

सासूबाईंवर रागावू नका. त्या म्हणतात त्यात थोडं खरं आहे. आपल्या लोकांनी नकला पाहिल्या, सोंगं पाहिली, त्यावर पोट धरून हसले. विनोदावर उठसूट बंदी मागणारा समाज मलाही नको आहे. पण त्यांना नाथमहाराजांच्या भारुडांची आठवण करून द्या, त्यांनी नक्की ऐकली असतील. मुका, बहिरा, आंधळा, पांगळा, सगळी सोंगं त्यांत आहेत. पण नाथांचा मुका हा मुळातला पंडित असतो. ज्ञानाचा माज केला, म्हणून वाचा गेली असं तो स्वतःबद्दल सांगतो. तिथे लोक हसतात ते माजाला. तमाशातला सोंगाड्याही पाटलाची, सावकाराची फिरकी घेतो, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे तो खाली बसून ऐकतो. तुमच्या त्या प्रहसनात कुणाची फिरकी घेतली? दरोडेखोरांची तर नाहीच, ते रुबाबात निघून गेले. एकटा शिपाई, जो घाबरलेला असूनही मदत मागायचा प्रयत्न करतो आहे, त्याचं तोंड हाच विनोद.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये जवळपास हाच फरक केला. एका हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत अडखळणाऱ्या पात्राला 'अटकी हुई कॅसेट' म्हटलं होतं, त्यावर अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले. चित्रपटाला न्यायालयाने हात लावला नाही. पण अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली दाखवणारा विनोद वेगळा, हे निकालात स्वच्छ लिहिलं, आणि अशी पात्रं कशी रंगवावीत याच्या सूचनाही दिल्या. तुमच्या तक्रारीत या निकालाचा एका ओळीत उल्लेख करा. २०१६च्या दिव्यांग कायद्यातलं अपमानाबद्दलचं ९२वं कलम कुणी सुचवलं तर मात्र त्या वाटेला जाऊ नका. त्या कायद्याच्या परिशिष्टात वाचादोष म्हणजे कायमचं अपंगत्व, स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या आजारामुळे आलेलं, अशी व्याख्या आहे. तोतरेपणाचं नाव तिथे नाही, आणि मुलाला त्यासाठी कागदपत्रं घेऊन फिरवणं मला पटत नाही.

यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पोराला चिडवणारी मुलं बापाला दिसतात आणि काही करता येत नाही, तेव्हा तो वाहिनीवर चालून जायला निघतो. हा राग मला कळतो. त्याला काम द्या. सोसायटीतल्या त्या मुलांच्या घरी त्यांनी स्वतः जावं, वडिलांशी बोलावं, आवाज न चढवता. तीन-चार घरं असतील. शाळेत वर्गशिक्षकांना दोघांनी मिळून भेटा आणि सांगा, वर्गासमोर याच्यावर भाषण नको, पण 'पोपो' कानावर आलं तर तिथल्या तिथे थांबवा, आणि वाचनाचा त्याचा नंबर वगळू नका. वगळायचा का, हे त्यालाच विचारा. अध्यक्षांना निरोप तुम्ही द्या: "आमच्यासाठी उभे राहिलात, उपकार आहेत. पण तक्रार आम्ही लेखी करतो आहोत, मुलगा येणार नाही, त्याच्या नावाने मोर्चा नको. तुम्हा सगळ्यांच्या सह्या मात्र तक्रारीवर हव्या आहेत." सह्या मिळाल्या तर ग्रुपवरच्या त्या सगळ्या रागाचं काहीतरी चीज होईल.

आणि तक्रार पाठवायच्या आधी ती मुलाला वाचून दाखवा. त्यात त्याला एखादी ओळ घालायची असेल तर त्याच्या शब्दांत घाला. एखादी काढायची असेल, अगदी मिसळीची सुद्धा, तर काढा. तो 'पाठवूच नका' म्हणाला तर दोन दिवस थांबून पुन्हा विचारा.

मसुदा झाला की मला पाठवा, शनिवारी सकाळी मी घरीच आहे, लगेच वाचून देते. वाहिनीची पोच २४ तासांत आली नाही तर तेही कळवा.